आगवाल्याची खुर्ची

दिवाळीच्या अंकात आगगाडीच्या एंजिनाचे काय काम, असे कोणी विचारील. पुढ्यात चिवडा-अनारशांचे ताट असताना डिझेलचा वास कोणाला रुचणार? परंतु आमच्या घरी दिवाळीचा आणि एंजिनाचा संबंध फार जुना आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, दौंडच्या शेडमध्ये वाफेच्या एंजिनावर फायरमन होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे आळीतले पुरुष अंगाला उटणे लावून घेत, तेव्हा अण्णा नुकतेच गाडीवरून उतरून आलेले असत. आई त्यांच्या पाठीला तेल चोळी आणि न्हाणीतून पहिल्यांदा वाहून जाई ते काळे पाणी. त्या पाण्याला उटण्याचा आणि कोळशाचा मिळून एक वास असे. अजूनही उटण्याचा वास आला, की त्यात कुठे कोळसा आहे का, हे मी नकळत हुंगून पाहतो.

तेव्हा वाचकांनी मला एवढी सवलत द्यावी. मी यंत्रशास्त्रातला जाणकार नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेच्या परीक्षा देऊन मी शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. या दोन्ही धंद्यांत माणसाला एक खोड जडते. कोणतीही वस्तू समोर आली, की ती आतून कशी असेल, तिच्यात कोण कुठे बसत असेल आणि शेजारच्याशी काय बोलत असेल, हे पाहिल्यावाचून त्याला चैन पडत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत इलिनॉय राज्यात नोकरीला आहे. त्या राज्यात युनियन नावाचे एक लहानसे गाव आहे आणि तेथे रेल्वेचे मोठे संग्रहालय आहे. तेथे १९४० साली बांधलेले, चकचकीत पोलादी अंगाचे एक प्रवासी एंजिन जपून ठेवले आहे. त्याचे नाव ‘सिल्व्हर पायलट’. ई-५ जातीच्या एंजिनांपैकी आता ते एकच उरले आहे. माझा विद्यार्थी ते पाहून आला आणि त्याने मला त्याची छायाचित्रे पाठवली. सोबत त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीच्या, म्हणजे ई-८ जातीच्या एंजिनाचे एक छेदचित्र पाठवले. ते ड्रायव्हरांसाठी छापलेल्या जुन्या माहितीपुस्तकातले होते. ‘सर, तुमचे अण्णा एंजिनावर होते, म्हणून आठवण झाली,’ एवढेच त्याने लिहिले होते.

छेदचित्र म्हणजे काय, हे गृहिणींना सांगायला नको. कलिंगड उभे कापले, की साल, गर आणि बिया कशा मांडल्या आहेत हे एकदम दिसते. तसेच हे एंजिन लांबीत कापलेले होते आणि प्रत्येक भागाला आकडा घातलेला होता. मी ते नववीच्या वर्गासाठी फळ्यावर रंगीत खडूंनी मोठे करून काढले. पोरे खूश झाली. तुम्हांलाही मी ते शब्दांनी काढून दाखवतो.

सर्वांत पुढे एंजिनाचे उतरते, गोलसर नाक. ते शोभेसाठी नाही. रस्ता ओलांडणारी एखादी मोटार वा लॉरी आडवी आली, तर पहिला धक्का या नाकाने खावा, माणसांनी नव्हे, यासाठी माणसांची खोली नाकाच्या मागे आणि वरच्या बाजूला बसवलेली. या खोलीत उजव्या हाताला ड्रायव्हरची खुर्ची. तिच्यासमोर आठ खाचांची एक दांडी. पहिल्या खाचेत एंजिन हलके ओढते, आठव्या खाचेत सगळा जोर लावते. बाजूला ब्रेकच्या दोन मुठी. एक साऱ्या गाडीसाठी, दुसरी एकट्या एंजिनासाठी. आणि पायाखाली एक पेडल. त्या पेडलाची गोष्ट पुढे येईल. डाव्या हाताला दुसरी खुर्ची. तिच्यासमोर जवळजवळ काहीच नाही. एक खिडकी.

या खोलीच्या मागच्या भिंतीला विजेच्या यंत्रांची कपाटे आणि दारे. दार उघडून आत गेले, की कानठळ्या बसवणारे दालन. मध्ये एकामागे एक अशी दोन डिझेल यंत्रे, प्रत्येकाला बारा सिलिंडर, आणि प्रत्येकाला जोडलेले वीज तयार करण्याचे स्वतंत्र जनित्र. एका यंत्राची ताकद ११२५ अश्वशक्ती, दोन्हींची मिळून २२५०. दोन्ही अंगांना माणूस चालत जाईल एवढी बोळ. भिंतींना जहाजाला असतात तशा गोल खिडक्या. डोक्यावर पाणी थंड करणारे मोठाले पंखे. गंमत अशी, की ही यंत्रे चाके फिरवीतच नाहीत. ती वीज करतात, वीज खाली आसांवरच्या मोटारींना जाते आणि मोटारी चाके फिरवतात. शिकागोजवळच्या ला ग्रेंज येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९४९ पासून १९५४ पर्यंत ही ई-८ एंजिने बांधली गेली.

दालनाच्या अगदी टोकाला, मागच्या दाराजवळ, एक वस्तू आहे. ती पाहून मी खडू खाली ठेवला. तो होता बंब! खराखुरा वाफेचा बंब. डिझेलच्या एंजिनात वाफ कशाला? तर गाडीतल्या डब्यांना ऊब देण्यासाठी. त्या देशात हिवाळा असा पडतो, की नद्या गोठतात. वाफेच्या एंजिनांच्या काळात एंजिनातली वाफ नळाने डब्यांखालून नेऊन उतारूंना ऊब देत. डिझेल आले, पण डबे तेच जुने राहिले, नळ तेच राहिले. तेव्हा नव्या एंजिनाच्या पोटात तेलावर पेटणारा एक लहान बंब बसवावा लागला. मालगाडीच्या एंजिनाला त्याची गरज नव्हती. प्रवासी एंजिनाची ओळखच ही, की त्याच्या पोटात जुन्या काळाचा थोडा विस्तव ठेवलेला असे. आपल्याकडे नवी सून आली तरी सासूबाईंचे जाते कोपऱ्यात राहते, तसे काहीसे.

हे सारे सांगून झाल्यावर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती फारशी बोलत नाही. तिने विचारले, “सर, डाव्या खुर्चीत कोण बसतो?”

मी आकडा पाहून सांगितले, “फायरमन. म्हणजे आगवाला.”

“पण त्यात कोळसा नाही ना? मग आगवाला कशाला?”

वर्ग हसला. तास संपल्याची घंटा झाली, म्हणून मी सुटलो. पण खरे सांगायचे तर मी सुटलो नाही. तो प्रश्न घेऊनच मी घरी आलो आणि गेले काही महिने तो माझ्या घरी जेवायला-झोपायला आहे.

हाच प्रश्न त्या देशाने तीसपस्तीस वर्षे घोळवला. डिझेल एंजिने रुळांवर येऊ लागली, तेव्हा फायरमनांच्या संघटनेला भय वाटले, की विस्तव गेला म्हणजे आपणही जाणार. १९३७ साली रेल्वे कंपन्या आणि संघटना यांच्यात करार झाला. मुख्य मार्गावरच्या वेगवान प्रवासी गाड्यांच्या आणि ठरावीक वजनापेक्षा मोठ्या असलेल्या डिझेल एंजिनांवर फायरमन ठेवलाच पाहिजे, असे त्यात ठरले. बावीस वर्षे उलटली. १९५९ साली कंपन्या म्हणाल्या, आता पुरे. जो माणूस काही करीत नाही, त्याचा पगार उतारूने आणि माल पाठवणाऱ्याने का भरावा? संघटना म्हणाली, तो काही करीत नाही कसे? तो डावीकडचा रूळ पाहतो, सिग्नल पाहतो, मागे जाऊन यंत्रे बघतो, प्रवासी गाडीत बंब सांभाळतो. भांडण अध्यक्षांच्या आयोगापर्यंत गेले. १९६२ साली आयोगाने सांगितले, की मालगाड्यांवर आणि यार्डात फायरमनाची गरज नाही. संपाचा धाक निर्माण झाला, तेव्हा २८ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकन काँग्रेसने कायदा करून हा तंटा लवादाकडे सोपवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लवादाने निकाल दिला, की मालवाहतुकीतल्या आणि यार्डातल्या नव्वद टक्के जागा काढता येतील. मात्र दहा वर्षांहून जास्त नोकरी झालेल्यांना हात लावायचा नाही. अगदी नव्याने लागलेल्यांना पैसे देऊन घरी पाठवायचे. पुढे १९७२ साली उरलेल्या जागाही माणसे निवृत्त होतील तसतशा संपवत न्यायच्या, असे दोन्ही पक्षांनी ठरवले.

ही हकीगत वाचताना माझे मन प्रथम कंपन्यांच्या बाजूला गेले, हे कबूल केले पाहिजे. आपण मध्यमवर्गीय माणसे. कष्टाचे खावे, फुकटचे खाऊ नये, हे आपल्याला पाटीवर अक्षरे गिरवण्याआधी शिकवलेले असते. विस्तव नाही आणि आगवाला आहे, हे ऐकून माझा वर्ग हसला तो उगाच नव्हे. घोडा मेला तरी मोतद्दाराला पगार चालू ठेवावा काय?

पण मग अण्णा आठवले.

मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हा अण्णांच्या मार्गावरची वाफेची एंजिने एकेक करून उठली. साऱ्या देशातच ती उठत होती. रुंदमापी मार्गांवरची वाफेची नेहमीची वाहतूक आपल्याकडे १९९५ साली संपली. अण्णांना प्रशिक्षणाला पाठवण्यात आले आणि ते डिझेल असिस्टंट होऊन परत आले. आईला किती आनंद झाला! सदरे पांढरे राहू लागले. न्हाणीतून स्वच्छ पाणी वाहू लागले. आईने शेजारणींना पेढे वाटले. अण्णा मात्र घरात हरवल्यासारखे वागू लागले. फावड्याने घट्टे पडलेले हात मांडीवर पालथे ठेवून ते बसत. रात्री झोप येत नसे, म्हणून पहाटे उठून अंगण झाडत. झाडलेले अंगण पुन्हा झाडत. एकदा मी विचारले,

“अण्णा, आता तुम्ही एंजिनावर काय करता?”

“बसतो,” ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, “आणि सांगतो.”

“काय सांगता?”

“दिसते ते.”

आपल्याकडच्या त्या डिझेल एंजिनाची घडण अमेरिकन प्रवासी एंजिनासारखी नव्हती. त्याला डब्ल्यूडीएम-टू म्हणत. १९६२ साली पहिली एंजिने अमेरिकेतल्या ॲल्को कंपनीकडून आली आणि १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. सोळा सिलिंडरांचे एकच यंत्र, २६०० अश्वशक्ती. त्याची केबिन अगदी पुढे नसून एका टोकाकडे आत घेतलेली. तिच्या एका बाजूला आखूड खोके, दुसऱ्या बाजूला लांबच लांब खोके, आणि त्या लांब खोक्यात यंत्र. बोळ आत नाही. बाहेरून कठडा धरून चालायचे. आपल्या देशात डब्यांना ऊब द्यायची नसल्यामुळे आत बंबही नाही. ड्रायव्हर डावीकडे, असिस्टंट उजवीकडे. आता गंमत पाहा. लांब खोके पुढे ठेवून एंजिन निघाले, म्हणजे ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला समोर एक लांब लोखंडी भिंतच उभी राहते. उजवे वळण आले, की पुढचा सारा मार्ग त्या भिंतीआड जातो. तो दिसतो फक्त उजव्या खुर्चीतून. म्हणून सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तो तसाच उच्चारायचा, असा शिरस्ता.

एक गोष्ट अण्णांनी मला फार वर्षांनी, निवृत्त झाल्यावर सांगितली. पावसाळ्याची रात्र, लांब खोके पुढे, उजवे वळण. ड्रायव्हरने विचारले, “काय आहे?” अण्णांनी काच पुसली आणि ओरडले, “लाल!” ड्रायव्हरने ब्रेक ओढला. गाडी सिग्नलच्या अलीकडे थांबली. पुढे काही मिनिटांनी सिग्नल पडला आणि गाडी निघाली. कोणी मेले नाही, वर्तमानपत्रात आले नाही, कोणी शाबासकीही दिली नाही. अण्णा सांगताना म्हणाले, “ड्रायव्हरसाहेब चांगला माणूस. झोपला नव्हता. त्याला फक्त दिसत नव्हते.”

आता त्या पेडलाची गोष्ट सांगतो. अमेरिकन एंजिनात ड्रायव्हरच्या पायाखाली जे पेडल असे, त्याचे नावच ‘डेडमॅन’ पेडल, म्हणजे मेलेल्या माणसाचे पेडल. ते पायाने दाबून ठेवायचे. ड्रायव्हरला झटका आला, पाय ढिला पडला, की आधी शिटी वाजून इशारा होई आणि मग आपोआप ब्रेक लागत. कंपन्या म्हणत, हे पेडल असताना दुसरा माणूस कशाला? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण मला अण्णांचे वाक्य आठवते. पेडलाला माणूस मेला तर कळते. माणूस चुकला तर कळत नाही. ‘अहो, लाल आहे’ असे पेडल म्हणत नाही. जिवंत, जागा, शहाणा माणूसही आपल्या जागेवरून सगळे पाहू शकत नाही. दुसऱ्या माणसाचा उपयोग तेथे होतो.

मग आणखी एक गोष्ट ध्यानात येते. डावीकडच्या खुर्चीत बसणारा आजचा फायरमन हाच उद्याचा ड्रायव्हर. वर्षानुवर्षे तो शेजाऱ्याचा हात पाहतो. चढाला कोणती खाच, उताराला ब्रेक कितपत, धुक्यात काय, हे तो शिकतो. म्हणजे ती खुर्ची ही एक शाळा होती. शाळेतला मुलगा दिवसभर काय उत्पन्न करतो, असा हिशेब आपण मांडतो का?

फळ्यावरच्या त्या चित्रात एक बारकावा मी आधी सोडून दिला होता. तो आता सांगतो. ई-८ एंजिनाखाली दोन गाडे आणि प्रत्येक गाड्याला तीन आस. त्यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या आसाला मोटार आहे. मधल्या आसाला नाही. मधला आस काहीही ओढत नाही. तो नुसता घरंगळत जातो. मग तो ठेवला कशासाठी? तर वजन वाटून घेण्यासाठी आणि वेगात एंजिन डळमळू नये यासाठी. तो काढला, तर सारे ओझे उरलेल्या आसांवर येईल आणि खालच्या रुळांनाही ते सोसावे लागेल. कारखान्यातल्या इंजिनियरांनी त्या आसावर दया केली नव्हती. तो ओढतो का, असे न विचारता, तो काढला तर वजन कुठे पडेल, असे त्यांनी विचारले होते. माणसांच्या बाबतीतही हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे, असे मला वाटू लागले आहे. घरातली आजी काय काम करते? काही नाही. ती ओसरीवर बसते. ती गेल्यावर मात्र वजन कुठे पडले, हे साऱ्या घराला कळते.

येथे हा निबंध संपवला असता, तर आपल्याला सर्वांना गोड वाटले असते. परंतु या खुर्चीची एक दुसरी हकीगत आहे आणि ती लपवली तर मी अण्णांच्या शिरस्त्याला जागलो नाही असे होईल. दिसते ते सांगितले पाहिजे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात फावडे मारण्याचे काम पिढ्यान्पिढ्या निग्रो माणसे करीत. काम उष्ण, काळे आणि पाठ मोडणारे, म्हणून ते त्यांच्या वाट्याला. त्यांना फायरमन होता येई, पण ड्रायव्हर कधीही होता येत नसे. म्हणजे त्या शाळेत त्यांना जन्मभर बसता येई, पण पास होता येत नसे. फायरमनांच्या संघटनेत त्यांना प्रवेश नव्हता. पुढे कोळसा टाकण्याची यंत्रे आली, डिझेल आले, काम स्वच्छ होऊ लागले. तेव्हा त्याच खुर्चीवर गोऱ्यांची नजर गेली. १९४१ साली संघटनेने दक्षिणेतल्या रेल्वे कंपन्यांशी करार केला. बढतीस पात्र नसलेल्यांची, म्हणजे व्यवहारात निग्रोंची, संख्या त्यात मर्यादित केली होती. लुइव्हिल-नॅशव्हिल रेल्वेवर बेस्टर विल्यम स्टील नावाचा एक निग्रो फायरमन होता. प्रवासी गाड्यांवर काम करणाऱ्या त्याच्या तुकडीत पाच निग्रो आणि एक गोरा. त्या जागा रिकाम्या झाल्याचे जाहीर करण्यात आले आणि त्यांवर चार गोरे नेमण्यात आले. चौघेही नोकरीत स्टीलपेक्षा कनिष्ठ. स्टील न्यायालयात गेला. अलाबामातल्या न्यायालयांनी त्याला परत पाठवले. १९४४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जी संघटना साऱ्यांच्या वतीने बोलते, तिने साऱ्यांशी न्यायाने वागले पाहिजे.

हे वाचून आपण ‘अरेरे’ म्हणावे आणि फराळाकडे वळावे, एवढे ते दूरचे नाही. १९३८ साली आपल्याच मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर नेमके हेच बोलले होते. रेल्वेत कोणती कामे अस्पृश्यांच्या वाट्याला येतात आणि कोणत्या दारांशी त्यांना अडवले जाते, हे त्यांनी मांडले होते. खुर्ची राहिली पाहिजे, असे ओरडणाऱ्याला म्हणून एक प्रश्न विचारावा लागतो. खुर्ची कोणासाठी राहिली पाहिजे? ‘दुसरा माणूस हवा’ म्हणणारी तीच संघटना, तो दुसरा माणूस काळा असताना त्याला खाली उतरवीत होती. आपल्या माणसावर केलेली दया ही न्याय नव्हे. तो फार तर सलोखा म्हणावा.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्यावाचून वर केलेला सारा उपदेश फुकट आहे. यंदा संचमान्यतेत आमच्या शाळेतले एक पद कमी झाले. चित्रकला आणि कार्यानुभव, या दोहोंपैकी एक माणूस अतिरिक्त ठरणार, हे आम्हां दोघांनाही कळले होते. माझा सहकारी वयाने लहान, नोकरीत माझ्याहून सात वर्षांनी कनिष्ठ. पोरांना तो बांबूच्या टोपल्या, पणत्या, आकाशकंदील शिकवी. त्याच्या तासाला वर्गात जेवढी मुले हजर असत, तेवढी माझ्या तासाला नसत, हे मला माहीत होते. मला तर अलीकडे फलक रंगवणे, प्रमाणपत्रांवर नावे घालणे, पाहुणे आले की रांगोळी काढून घेणे, हेच काम. सेवाज्येष्ठतेच्या यादीवर आम्ही सह्या केल्या. माझी सही वर, त्याची खाली. तो अतिरिक्त ठरला. मी काही गैर केले नाही. नियम नियमच होता. त्या लवादानेही दहा वर्षांच्या वरच्यांना वाचवले आणि नव्यांना घरी पाठवले. पण सही करताना मी त्याच्याकडे पाहिले नाही, हे खरे आहे. पुढे आठवडाभर तो शाळेत होता आणि मी त्याच्याशी क्रिकेटवर बोलत राहिलो.

मी कोणत्या खुर्चीत बसलो आहे? मधल्या आसासारखा काही वजन पेलतो आहे, की नुसता घरंगळतो आहे? प्रामाणिकपणे सांगतो, मला निश्चित ठाऊक नाही. चित्रकला शिकलेला मुलगा पुढे काय करतो, हे संचमान्यतेच्या कागदावर मांडता येत नाही. पण माझ्या आळसाचे समर्थन मी चित्रकलेच्या नावावर केले, तर तेही खोटेच.

इतके मात्र मला आता दिसते, की आपण दोन प्रश्नांची गल्लत करतो. खुर्ची राहावी की जावी, हा एक प्रश्न. खुर्चीतल्या माणसाचे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कधी ‘राहावी’ असेल, कारण पावसातल्या वळणावर उजवीकडचे कोणीतरी पाहिले पाहिजे. कधी ‘जावी’ असेल, कारण काही खुर्च्या खरोखरच रिकाम्या असतात आणि त्या राखण्यासाठी खोटी कामे शोधावी लागतात. तसल्या खुर्चीत बसवून ठेवणे ही त्या माणसाचीही विटंबनाच. अण्णा झाडलेले अंगण पुन्हा झाडत, ते मी पाहिले आहे. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर काहीही आले, तरी दुसरा शिल्लक राहतोच. तीस वर्षे ज्याच्या पाठीवर तुमची गाडी चालली, त्याला ‘विस्तव संपला, तू जा’ एवढे सांगून हिशेब मिटत नाही. कंपन्यांनी पहिला प्रश्न विचारून दुसरा टाळला. संघटनेने दुसऱ्याच्या भयाने पहिल्याला हात लावू दिला नाही, आणि तेही सर्वांसाठी नव्हे. मी तर दोन्ही प्रश्न टाळून क्रिकेटवर बोललो.

अण्णांना मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. त्यांना नवे काम शिकवण्यात आले. ते काम त्यांना कामच वाटले नाही, ही गोष्ट वेगळी. पेडल दाबण्याचे किंवा फावडे मारण्याचे काम डोळ्यांना दिसते. पाहण्याचे आणि सांगण्याचे दिसत नाही. म्हणून ते करणाऱ्यालाही आपण बसून खातो असे वाटते. त्यांना कोणी एकदा तरी तोंडाने सांगायला हवे होते, की अण्णा, तुमच्या त्या एका शब्दाने गाडी थांबली. मी मुलगा असून ते सांगितले नाही. ते गेले त्याला आता नऊ वर्षे झाली.

सहामाही परीक्षा झाल्यावर त्या मुलीला मी बोलावले. म्हटले, “डाव्या खुर्चीत आगवाला कशाला, असे तू विचारले होतेस. त्याचे कारण, उजव्या खुर्चीतून सगळे दिसत नाही.”

ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “सर, मग आमचे टोपल्यांचे सर का गेले?”

या वेळी घंटा झाली नाही. मी तिला सांगितले, की मला ठाऊक आहे, पण तुला सांगण्याआधी मला ते त्यांना सांगायचे आहे. पाडव्याच्या दिवशी मी त्यांच्या घरी जाणार आहे. त्यांची नवी शाळा बावीस किलोमीटरवर आहे आणि तेथे त्यांच्याकडे मराठीचे तास दिले आहेत, असे ऐकतो. मी गेल्याने त्यांची जागा परत येणार नाही. तथापि जे दिसले ते मोठ्याने सांगावे, आणि दुसऱ्याने ते तसेच उच्चारले की ऐकून घ्यावे, एवढा तरी अण्णांच्या खुर्चीचा शिरस्ता मी पाळायला हवा.